वेग तोच, तरी मार पडतोय: जोरात टाकणाऱ्या रिलीव्हरचं काय बिघडलं ते क्रमाने कसं शोधायचं

बेसबॉलमध्ये शेवटच्या इनिंग्जसाठी बुलपेनमधून (मैदानाकडेच्या वॉर्म-अपच्या जागेतून) येणारा, ताशी 95 मैलांच्या (153 किलोमीटर) वर टाकणारा रिलीव्हर (बदली पिचर) बिघडला की सगळे आधी रडार गनकडे बघतात. आकडा दिसतो 97. मग निकाल लागतो: "वेग तर आहे, म्हणजे पोराने धसका घेतलाय." निदान इथेच चुकतं. वेग शाबूत असूनही बिघडण्याची पाच-सहा साधी कारणं असतात, आणि त्यातली बहुतेक कागद-पेन्सिल आणि फोनच्या कॅमेऱ्याने सापडतात. धसका हे कारण खरं असतं, पण क्वचित. ते शेवटी तपासायचं.

खालचा क्रम स्वस्तापासून महागाकडे जातो. उदाहरणं मेजर लीगची (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आहेत, कारण तिथल्या नोंदी पक्क्या असतात. अमेरिकेत हायस्कूल किंवा ट्रॅव्हल बॉल (क्लब संघांच्या फिरत्या स्पर्धा) खेळणाऱ्या मुलांच्या आईबाबांनी आणि आपल्याकडच्या शाळा-विद्यापीठांच्या कोचनी क्रम हाच ठेवावा, फक्त "जोरात" म्हणजे 80 ते 90 मैल धरावं.

लक्षणं: आधी नेमकं काय होतंय ते लिहून काढा

"मार पडतोय" हे लक्षण नाही, ती तक्रार आहे. खालीलपैकी काय जुळतं ते बघा.

– पहिल्याच बॅटरला वॉक (चार बॉल पडून फुकट पहिला बेस). चेंडू वर आणि टाकणाऱ्या हाताच्या बाजूला सुटतात. दोन बॅटर झाले की गाडी रुळावर येते.
– 0-2 (बॉल शून्य, स्ट्राइक दोन) पर्यंत झटक्यात पोहोचतो, पण बॅटर आउटच होत नाही. फाउलवर फाउल (रेषेबाहेर गेलेले फटके), आणि सातव्या-आठव्या चेंडूवर लाइन ड्राइव्ह, म्हणजे सपाट, जोरदार फटका.
– मातीत जाणाऱ्या चांगल्या स्लायडरवर (शेवटी बाजूला आणि खाली वळणारा चेंडू) कुणी बॅटच फिरवत नाही. काल हेच बॅटर त्यावर फसत होते.
– एक दिवस विश्रांती असली की उत्तम, सलग दुसऱ्या दिवशी हमखास गडबड.
– 98 मैलांचा चेंडू आहे, पण स्विंग-अँड-मिस नाहीच. सगळ्यांची बॅट लागतेय.
– वेग 2-3 मैलांनी घसरलाय, वॉर्म-अपला जास्त चेंडू लागतायत, हात झटकत राहतो.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा. बाकीच्यांनी क्रमाने चला.

बिघाड आहे तरी का?

रिलीव्हरचे आकडे फसवतात, कारण त्याच्या इनिंग्ज मोजक्या असतात. 20 इनिंग्जमध्ये 4 रन दिलेल्याचा ईआरए (नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन) 1.80 असतो. एका संध्याकाळी त्याने एकच आउट काढून 5 रन दिले की तो 3.98 होतो. माणूस तोच, हात तोच.

म्हणून शेवटच्या पाच-सहा वेळांचं स्कोअरकार्ड घ्या आणि प्रत्येक बॅटरसमोर तीनपैकी एक खूण करा: वॉक, दणकून मारलेला, किंवा कसाबसा लागलेला. कसेबसे लागलेले हिट जास्त असतील, म्हणजे इनफिल्डवरून टपकलेले किंवा फिल्डरच्या हातून निसटलेले, तर हात लावू नका. चांगल्या चालणाऱ्या पिचरची शैली नशिबाच्या दोन फटक्यांपायी बदलणं हा कोचिंगमधला सगळ्यात महाग उद्योग आहे. वॉक आणि दणकून मारलेले जास्त असतील तर पुढे.

विश्रांतीचा हिशेब

फुकट तपासणी, आणि सगळ्यात जास्त बिघाड इथेच निघतात. वहीत गेल्या दहा दिवसांच्या तारखा लिहा. सामन्यात टाकलेले चेंडू लिहाच, पण त्यासोबत बुलपेनमध्ये उठून गरम झालेल्या आणि मग बोलावणंच न आलेल्या वेळाही लिहा. स्कोअरबुकात त्या कुठेच नसतात. पूर्ण गरम व्हायला 20-25 चेंडू, त्यावर माउंडवरचे (पिचर जिथून टाकतो त्या उंचवट्यावरचे) 8. कागदावर "14 चेंडू" असलेल्या दिवशी हाताने खरं तर 45 टाकलेले असतात. दोनदा उठवून बसवलं तर 60 च्या पुढे.

याचं ठळक उदाहरण 2016 च्या वर्ल्ड सीरिजमधलं, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेतलं. शिकागो कब्जचा अरोल्डिस चॅपमन. 24 सप्टेंबर 2010 ला सॅन डिएगोत ताशी 105 मैलांच्या वर टाकणारा हाच तो. 30 ऑक्टोबरला पाचव्या सामन्यात त्याच्याकडून 42 चेंडू टाकून घेतले. 1 नोव्हेंबरला सहाव्या सामन्यात पाच रनांची आघाडी असताना पुन्हा आणलं, आणखी 20. दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात क्लीव्हलंडच्या राजाई डेव्हिसने आठव्या इनिंगमध्ये त्याला होम रन मारून सामना 6-6 केला. तो चेंडूही बहुतेक पिचरना हेवा वाटेल इतक्या वेगाचा होता. पण बॅटर फसावा अशी धार त्यात उरली नव्हती. थकवा आधी धार आणि जागा खातो, वेग नंतर. रडारवर थकवा उशिरा दिसतो तो यामुळेच. (सामना कब्जनी दहाव्या इनिंगमध्ये 8-7 जिंकला, म्हणून चॅपमन सुटला.)

मुलांसाठी मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांची पिच स्मार्ट नियमावली आहे. 15 ते 18 वयासाठी एका दिवसात 30 पर्यंत चेंडू असतील तर दुसऱ्या दिवशी टाकता येतं, 31 ते 45 ला एक दिवस विश्रांती, 46 ते 60 ला दोन दिवस. सलग तीन दिवस सामन्यात पिचिंग नको, चेंडू कितीही कमी असोत. ट्रॅव्हल बॉलमध्ये घोळ असा होतो की शनिवारी एका संघाचा कोच मोजतो, रविवारी दुसऱ्या संघाचा, आणि बेरीज कुणीच करत नाही. ती वही घरात ठेवा. कोचकडे बेरीज मागायची नाही, त्याला द्यायची.

हिशेबात गडबड निघाली तर तीन-चार दिवस पूर्ण विश्रांती देऊन पुन्हा बघा. सुधारला तर पुढचं काही करायची गरज नाही.

पहिला चेंडू

प्रत्येक बॅटरचा पहिला चेंडू स्ट्राइक की बॉल, एवढंच मोजा. मेजर लीगमध्ये साधारण 60 टक्के पहिले चेंडू स्ट्राइक असतात. तुमचा पिचर 50 च्या आसपास असेल तर दोष सापडला. 2-0 ला बॅटरला कळतं की आता फास्टबॉलच येणार. कोणता चेंडू येणार हे ठाऊक असेल तर 98 मैलही मारता येतात. त्या पातळीवरचे बॅटर आयुष्यभर तेच करत आलेले असतात. शिवाय 2020 पासून मेजर लीगमध्ये रिलीव्हरला किमान तीन बॅटरना टाकावं लागतं किंवा इनिंग संपवावी लागते. पहिला वॉक झाला की लगेच बदली, ही सोय गेली.

वॉकचा फरक किती पडतो त्यासाठी पुन्हा चॅपमनच. 2024 मध्ये पिट्सबर्गकडून 61⅔ इनिंग्ज, 39 वॉक, ईआरए 3.79. 2025 मध्ये बॉस्टनकडून, वयाच्या 37 व्या वर्षी, 61⅓ इनिंग्ज, 15 वॉक, ईआरए 1.17.

दुरुस्ती दोन ठिकाणी करायची. एक, कॅचरचं मिट (हातमोजा). जोरात टाकणाऱ्याला कडेवरचं लक्ष्य देणारा कॅचर त्याचा घात करतो. प्लेट 17 इंच रुंद आहे आणि अशा पिचरचा चेंडू सहज अर्धा फूट इकडेतिकडे जातो. 0-0 ला मिट प्लेटच्या आतल्या किंवा बाहेरच्या अर्ध्या भागाच्या मध्यावर धरा, कडेवर नको. 0-2 झाल्यावर काय ती कलाकुसर.

दुसरं, बुलपेन. रिलीव्हर बहुधा तिथे नुसते चेंडू सोडत बसतो आणि माउंडवर आल्यावर अंगात वारं संचारल्यासारखा पहिला चेंडू टाकतो. पुढचा खांदा लवकर उघडतो, हात मागे राहतो, चेंडू वर आणि हाताच्या बाजूला. उपाय असा: वॉर्म-अपचे शेवटचे पाच चेंडू एका काल्पनिक बॅटरला टाकायचे. कॅचरने खूण द्यायची, बाजूला कुणीतरी बॅट घेऊन उभं राहायचं, आणि 15 सेकंदांच्या आत टाकायचं. मेजर लीगमध्ये बेस रिकामे असताना पिच क्लॉक तेवढंच असतं, कुणी बेसवर असेल तर 18 सेकंद.

माउंड आणि बोटं

पाच मिनिटांचं काम. स्टार्टरने (सामना सुरू करणाऱ्या पिचरने) सहा-सात इनिंग्ज टाकून पाय टेकण्याच्या जागी खड्डा केलेला असतो. त्याची ढांग तुमच्या पिचरपेक्षा लांब किंवा आखूड असेल तर आपल्या पिचरचा पाय खड्ड्याच्या काठावर अर्धवट टेकतो, घोटा किंचित वळतो आणि चेंडू सुटण्याची जागा इंचभर हलते. प्लेटपाशी तो फरक बराच वाढतो. लक्षण सोपं आहे: वॉर्म-अपनंतर पिचर बुटाच्या टोकाने माती ओढत बसतो. आठ चेंडू टाकण्याआधीच खड्डा भरून पायाने घट्ट दाबायला लावा. भरत नसेल तर रबरावर (माउंडवरची पाय टेकायची पट्टी) चार-पाच इंच बाजूला उभं राहू दे.

बोटं कोरडी पडली असतील किंवा घाम असेल तर रोझिनची (राळेच्या भुकटीची) पिशवी. बाकी कुठलाही चिकट पदार्थ नको. मेजर लीगमध्ये 21 जून 2021 पासून पंच पिचरचे हात, टोपी, पट्टा तपासतात. कुणाचा स्लायडर त्या सुमारास अचानक वळेनासा झाला असेल तर कारण फार शोधावं लागत नाही.

खूण फुटतेय का?

चांगल्या स्लायडरवर कुणी बॅट फिरवत नसेल तर आधी हे तपासा: पिचरच्या हालचालीवरून कोणता चेंडू येणार ते बॅटरला आधीच कळतंय का. 100 मैलांचा चेंडू हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत 0.4 सेकंदाहून थोडा कमी वेळ घेतो. त्यात ओळखणं, ठरवणं आणि बॅट फिरवणं हे सगळं बसत नाही, म्हणून बॅटर अर्धा अंदाज बांधतो. पिचरने नकळत आधीच सांगितलं तर अंदाज बांधायची गरजच उरत नाही, आणि वेगाचा सगळा फायदा मातीमोल.

2018 च्या प्लेऑफमध्ये बॉस्टनचा क्रेग किंब्रल, मोसमात ज्याचे चेंडू जवळपास खेळताच येत नव्हते असा क्लोजर (शेवटची इनिंग टाकून आघाडी वाचवणारा रिलीव्हर), एकामागून एक मार खात होता. त्याची खूण फुटतेय हे टीव्हीवर बघणाऱ्या एरिक गान्येने, म्हणजे डॉजर्सच्या एकेकाळच्या क्लोजरने, ओळखलं आणि बॉस्टनला कळवलं. सोबत राहणाऱ्यांना दिसलं नाही ते बाहेरच्याला दिसलं. असंच होतं. रोज बघणाऱ्याचे डोळे सरावलेले असतात.

तपासणी अशी. फोन तिपाईवर लावा: एक बॅटरच्या डोक्याच्या उंचीवर, जाळीमागे सुरक्षित, दुसरा सेकंड बेसच्या मागून, कारण तिथला रनरही बघत असतो. दहा फास्टबॉल, दहा स्लायडर, क्रम मिसळून. प्रत्येक क्लिप हात ग्लोव्हमधून बाहेर यायच्या क्षणी थांबवा. मग खेळ जाणणाऱ्या पण या पिचरला न ओळखणाऱ्या माणसाला ती बघून ओळखायला लावा. 20 पैकी 15 किंवा जास्त बरोबर आले तर खूण फुटतेय. 10-11 आले तर नाही.

नेहमीच्या जागा ठरलेल्या असतात. स्लायडरची पकड शोधताना ग्लोव्ह पंख्यासारखा उघडतो. मनगटाचा कोन वेगळा दिसतो, कोपर थोडं बाहेर जातं. फास्टबॉलला श्वास एक, स्लायडरला दोन. ग्लोव्ह छातीवरून पोटाशी उतरतो. उपाय बहुतेक वेळा एकच: ग्लोव्हमध्ये हात घालताना नेहमी अवघड पकड घ्यायची. म्हणजे स्लायडरची धरायची आणि फास्टबॉल टाकायचा असेल तर आतल्या आत बदलायची. उलट करायला गेलं की हालचाल दिसते. दोन आठवडे रोज, टीव्ही बघतानासुद्धा.

दुसरं अस्त्र

माझ्या मते जोरात टाकणाऱ्या रिलीव्हरचं खरं भवितव्य इथे ठरतं. त्याच्याकडे दोनच चेंडू असतात. त्यातला एक निकामी झाला की बॅटरचं निम्मं काम झालं.

क्लोजर एडविन डियाझचे तीन मोसम शेजारी ठेवून बघा. 2018, सिअ‍ॅटल: 57 सेव्ह (आघाडी टिकवून संपवलेले सामने), ईआरए 1.96, संपूर्ण मोसमात 5 होम रन. 2019, न्यू यॉर्क मेट्स: ईआरए 5.59, 58 इनिंग्जमध्ये 15 होम रन. फास्टबॉलचा सरासरी वेग दोन्ही वर्षी 97 मैलांच्या वरच. बिघडला होता तो स्लायडर. तो वळायच्या ऐवजी प्लेटच्या मधोमध तरंगत राहायचा. 2022 मध्ये स्लायडर परत जागेवर आला, निम्म्याहून जास्त चेंडू तेच टाकले, आणि 62 इनिंग्जमध्ये 118 स्ट्राइकआउट, ईआरए 1.31.

तरंगणारा स्लायडर इतिहासात बऱ्याच जणांना नडलाय. 1996 च्या वर्ल्ड सीरिजच्या चौथ्या सामन्यात अटलांटाच्या मार्क वोलर्सचे जबरी वेगाचे फास्टबॉल जिम लेरिट्झ फाउल करत राहिला, मग स्लायडर आला तो उंच राहिला, आणि तीन रनांचा होम रन बसला. 6-6. लोक अजून म्हणतात की स्लायडर टाकायलाच नको होता. मला ते पटत नाही. फाउल मारत-मारत बॅटर वेगाला सरावत चालला होता, चेंडू बदलणं योग्यच होतं. चुकली ती उंची.

तपासणी: बुलपेनमध्ये दहा स्लायडर स्ट्राइकसाठी, दहा मुद्दाम स्ट्राइक झोनच्या खाली. कॅचरने मिट हलवायचं नाही. प्रत्येकी सहा-सात जागेवर पडले तर स्लायडर ठीक आहे, दोष निवडीत आहे. तीन-चारच पडले तर कारण बहुधा यातलं एक: पोर स्लायडरला "वळवायला" जातं, म्हणजे मनगट चेंडूच्या बाजूने फिरवतं आणि हाताचा वेग कमी करतं. किंवा पकड तळहातात खोल गेलीय. किंवा चेंडू लवकर सुटतोय. उपाय साधा आहे पण चिकाटीचा. 45 फुटांवरून, सत्तर टक्के जोराने, फास्टबॉल टाकतोय असंच समजून दहा चेंडू, कॅचरच्या पुढच्या नडगीवर नेम. मग 60 फूट 6 इंचांवर, म्हणजे माउंडच्या खऱ्या अंतरावर. फास्टबॉल आणि स्लायडरच्या वेगात साधारण 8 ते 12 मैलांचा फरक चालतो. 15 च्या पुढे गेला तर हात मंदावतोय असं समजा.

0-2 नंतर फाउलवर फाउल हे लक्षण असणाऱ्यांनी इथेच जास्त वेळ घालवावा.

वेग आहे पण चकवा नाही

जॉर्डन हिक्सने 2018 मध्ये सेंट लुइसकडून 105 मैल टाकले. त्या मोसमात 77⅔ इनिंग्जमध्ये स्ट्राइकआउट किती? 70. इनिंगला एकही नाही. कारण त्याचा चेंडू सिंकर होता: खाली बसणारा, बॅटच्या खालच्या भागावर लागून जमिनीवर जाणारा. हा दोष नाही, तो चेंडूचा स्वभाव आहे. दोष तेव्हा होतो जेव्हा सिंकर झोनच्या वरच्या भागात टाकला जातो, किंवा वर "तरंगणारा" फोर-सीम फास्टबॉल गुडघ्याशी. स्वभाव ओळखा आणि त्या उंचीवर टाका. निम्म्या वेळा एवढंच पुरतं.

ओळखायला रॅप्सोडो किंवा ट्रॅकमनचं, चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणारं मशीन हवं. ते अकॅडमीत मिळतं, विकत घ्यायची गरज नाही. त्याआधी स्वस्तातला उपाय: जुन्या चेंडूभोवती फिरकीच्या दिशेने इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपची एक पट्टी लावा आणि फोनच्या स्लो मोशनमध्ये 240 फ्रेम्सवर मागून शूट करा. पट्टी सरळ, स्थिर रेघ दिसली तर बोटं चेंडूच्या मागे आहेत. डुगडुगली तर बोटं बाजूला घसरतायत आणि फिरकी वाया जातेय. 97 मैलांचा "सपाट" चेंडू बहुतेक असाच तयार होतो.

शैलीला हात

ढांग, खांदा, हाताचा मार्ग. मोसम चालू असताना इथे येऊ नका. आलातच तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे बाकी काही नको. हे काम व्हिडिओ बघून घरी करायचं नाही, पिचिंग कोचकडे न्यायचं. वजनदार चेंडूंचे कार्यक्रम तर अजिबात स्वतःच्या मनाने नकोत. मेजर लीगनेच डिसेंबर 2024 मध्ये पिचरच्या दुखापतींवर जो अहवाल काढला, त्यात जास्तीत जास्त वेग आणि फिरकीच्या मागे लागणं हे मुख्य कारणांपैकी एक म्हणून नोंदवलंय.

इथे थांबा

खालीलपैकी एकही असेल तर चेंडू खाली ठेवायचा, त्याच दिवशी. कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं. पुढचा हात आवळल्यासारखा वाटणं. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या किंवा बधिरपणा. टाकताना "टक" असा आवाज. वेग 2-3 मैलांनी कमी आणि सोबत नियंत्रणही गेलेलं. पेनकिलर घेऊन "आजचा दिवस काढू" हे बंद. गोळीने दुखणं झाकलं जातं, लिगामेंट जुळत नाही.

खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे जा. 15-16 च्या आतल्या मुलांचं हाड वाढत असतं, तिथे मुलांच्या ऑर्थोपेडिककडेच. कोपराचं अल्नर लिगामेंट फाटलं असेल तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया लागू शकते, जी डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये पहिल्यांदा केली. त्यातून परत यायला साधारण 12 ते 18 महिने जातात. हिक्सची ती 2019 मध्येच झाली. डेट्रॉइटचा 100 मैलांच्या वर टाकणारा जोएल झुमाया 2010 च्या जूनमध्ये मिनेसोटात माउंडवरच कोपर धरून खाली बसला. हाड मोडलं होतं. मेजर लीगमध्ये तो पुन्हा टाकू शकला नाही.

दुखापत नेहमी दुखून सांगत नाही. फिलाडेल्फियाचा क्लोजर ब्रॅड लिज: 2008 मध्ये 41 पैकी 41 सेव्ह, पुढच्या वर्षी ईआरए 7.21. लोकांनी मनाचं कमकुवतपण म्हटलं. मोसमानंतर त्याच्या कोपरावर आणि गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या.

आणि धसका? सगळं तपासून झालं, शरीर ठणठणीत निघालं, सरावात चेंडू जागेवर पडतात पण सामन्यात कॅचरच्या डोक्यावरून जातात, तर तो वेगळा प्रश्न आहे. वोलर्सचं 1998 मध्ये असंच झालं, 20⅓ इनिंग्जमध्ये 33 वॉक. "मोकळेपणाने टाक रे" असं बाकावरून ओरडून यातलं काही सुटत नाही, उलट घट्ट होतं. क्रीडा मानसोपचारतज्ज्ञ गाठा, आणि तोवर त्याला आघाडी वाचवायला पाठवू नका.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर परतीचा क्रम फिजिओने ठरवलेला असतो: आधी 45 फुटांवर हलके चेंडू, मग 60, 90, 120, प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या दिवशी दुखत नसेल तरच पुढे. त्यानंतर माउंडवर निम्म्या जोराने फास्टबॉल, मग स्लायडर, मग बॅटरसमोर. सलग दोन दिवस टाकायला लावणं सगळ्यात शेवटी, आणि ते वहीत लिहून.